पाण्याखालच्या गावाची नोंद

पिस्कॅटवेला राहायला आलो तेव्हा मला अमेरिकेत नोकरी करायची परवानगी नव्हती. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या आम्हा सगळ्याच बायकांची तीच गत होती. कुणी केक करायला शिकत होतं, कुणी ड्रायव्हिंग. माझं पुण्यात बॉटनीत एम.एस्सी. झालेलं. एके दिवशी धीर करून मी विद्यापीठातल्या वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात गेले आणि तिथल्या प्रमुख बाईंना म्हटलं, पगार नको, पण काही काम असेल तर द्या. बाई सत्तरीच्या आसपासच्या, गुडघ्यांनी अधू. त्यांनी मला नावानंच हाक मार म्हणून बजावलं, पण माझी जीभ रेटेना. त्यांनी लोखंडी कपाटांची एक रांग दाखवली. त्यात जाड कागदांवर चिकटवलेली झाडं होती आणि प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात एक चिठ्ठी होती: झाड कुणी, कुठून, कधी आणलं. त्या चिठ्ठ्या वाचून कॉम्प्युटरमध्ये भरायच्या, हे माझं काम ठरलं.

दोन वर्षं मी ते केलं. मग युरोपातून एक मेल आली.

तिकडचे देश त्या काळात एकत्र येऊन एक सामायिक व्यवस्था उभी करत होते. प्रत्येक देशाच्या संग्रहालयांतली झाडं, किडे, पक्षी यांच्या नोंदी एका ठिकाणी आणायच्या, म्हणजे एका देशातल्या माणसाला दुसऱ्याचं सगळं बघता येईल. मेल लिहिणारी बाई एका छोट्या देशातल्या संग्रहालयात होती. देशाचं नाव सांगत नाही, कारण तिथे असं संग्रहालय एकच आहे. तिच्या देशातला एक पाद्री शंभरेक वर्षांपूर्वी सह्याद्रीत हिंडून झाडं गोळा करायचा. एक संच त्यानं मायदेशी पाठवला, दुसरा देवाणघेवाणीत फिरत फिरत आमच्या कपाटात आला. तिच्याकडच्या संचाच्या चिठ्ठ्या युद्धात छप्पर उडालं तेव्हा भिजून पुसट झाल्या होत्या. तुमच्या चिठ्ठ्या वाचून पाठवाल का, असं तिनं विचारलं होतं. पुढे लिहिलं होतं की सगळे देश आपापलं काही ना काही घेऊन येणार, आमच्याकडे अभिमानानं दाखवावं असं हे एवढंच आहे, आम्ही रिकाम्या हातांनी कसं जायचं?

प्रमुख बाईंनी मेल छापून माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, हे तुझ्या मुलखातलं आहे, तूच कर.

त्याच महिन्यात माझे सासरे आले. सासूबाई आदल्या दिवाळीत गेल्या होत्या. बाबा साताऱ्याला एकटेच होते, म्हणून नवऱ्यानं हट्टानं सहा महिन्यांसाठी बोलावून घेतलं. बाबा वनखात्यातून वनपाल म्हणून रिटायर झालेले. बोलणं मुळात कमी, आता तर जवळजवळ बंदच. सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीशी बसत आणि पार्किंग लॉटकडे बघत राहत. जेवायला बोलावलं की येत. नवरा ऑफिसला जाताना मला हळूच म्हणाला, त्यांना एकटं नको ठेवू यार. मग मी त्यांना संग्रहात बरोबर नेऊ लागले.

पहिले काही दिवस ते खुर्चीत नुसते बसले. पाद्र्याचं अक्षर छान होतं, पण मराठी नावं त्यानं आपल्या कानाला ऐकू आली तशी लिहिलेली. एका चिठ्ठीवर 'पन्सवारी' होतं. नकाशात असं गाव सापडेना. मी वैतागून ते दोन-तीनदा मोठ्यानं वाचलं.

"फणसवाडी," बाबा म्हणाले.

ते उठून माझ्यामागे येऊन उभे राहिले होते. कागदावर उक्षी या रानवेलीची फांदी होती, तिची फुलं वाळून तपकिरी झालेली. बाबांनी ती बराच वेळ पाहिली. मग खालच्या ओळीतलं, मला न लागलेलं एक नाव वाचून दाखवलं. ते ओढ्याचं होतं. त्या दिवशी त्यांनी मला अकरा चिठ्ठ्या लावून दिल्या. संध्याकाळी बसमध्ये ते आपणहून म्हणाले, उद्या माझा जाड भिंगाचा चष्मा घेऊन येऊ.

प्रत्येक जागेचे अक्षांश-रेखांश द्यायचे असत. खोरं कोयनेचं, असं बाबांनी सांगितलं. मी त्याचा नुसत्या डोंगर-ओढ्यांचा एक जुना नकाशा छापून आणला आणि बाबांनी पेन्सिलीनं फणसवाडीची खूण केली. एकदाही न अडखळता. मी आकडे भरून यादी पाठवली.

आठवड्याभरात उत्तर आलं. यादी सुंदर झाली आहे, पण उक्षीच्या नोंदीत काही चूक दिसते. ती जागा तलावाच्या मधोमध पडते आणि आमचा कॉम्प्युटर ती नाकारतो. कृपया तपासाल का?

मला ओशाळल्यासारखं झालं. वाटलं, बाबांचं वय झालं, हात चुकला असेल. मी शक्य तितक्या मऊ आवाजात त्यांना मेल मराठीत सांगितली.

"बरोबर आहे तिचं," बाबा म्हणाले. "तिथं पाणीच आहे. धरणात गेलं गाव."

मग नकाशावरच्या खुणेवर बोट ठेवून म्हणाले, "तुझ्या सासूचं माहेर ते."

मी इतकी वर्षं या घरात होते. आईंचं, म्हणजे सासूबाईंचं माहेर म्हणजे मामांचं पुनर्वसनातलं गाव, एवढंच मला ठाऊक होतं. प्रमुख बाईंना काही कळलं नव्हतं, पण बाबांचा चेहरा बघून त्यांनी आपली खुर्ची जवळ ओढली. बाबा सांगत गेले, मी इंग्रजीत करून सांगत गेले.

बाबा माणदेशातले, उघड्या माळावर वाढलेले. विसाव्या वर्षी वनरक्षक म्हणून पहिलं पोस्टिंग मिळालं ते या घनदाट खोऱ्यात, आणि झाडं म्हणाल तर बाभूळ नि लिंब एवढीच ओळखीची. एका सकाळी वाळक्या लाकडांची मोळी घेऊन एक मुलगी वाटेत भेटली. साहेबी दाखवायला त्यांनी विचारलं, कशाकशाची लाकडं आहेत? तिनं मोळी खाली ठेवली आणि एकेक फाटा उचलून पाच-सहा नावं सांगितली. त्यातलं एकही यांना माहीत नव्हतं. ते तिच्या लक्षात आलं. जाताना ती म्हणाली, उद्या पानं घेऊन येते, पानांवरनं लवकर कळतं.

"मी खात्याचा माणूस," बाबा म्हणाले, "आणि मला जंगल शिकवलं तिनं. उक्षीचा वेल तोडला की पाणी निघतं, तेही तिनंच दाखवलं. लग्नानंतर दोन वर्षांनी गाव उठलं. ती मागं वळून बघत नव्हती. मीच बघत होतो."

प्रमुख बाईंनी ओढा कोणत्या बाजूनं वाहायचा ते विचारलं आणि बाबांनी हातानं दाखवलं. मग त्या माझ्या कॉम्प्युटरपाशी बसल्या आणि नोंदीखाली स्वतः टाइप केलं की जागा बरोबर आहे, गाव आता जलाशयाखाली आहे, त्या खोऱ्यात राहिलेल्या माणसाकडून खात्री केली आहे. माहिती देणाऱ्याचं नाव लिहायची एक जागा असते. तिथे घालायला त्यांनी बाबांचं नाव विचारलं.

बाबांनी मान हलवली. "माझं नको. मी तिथं नोकरीला होतो. गाव तिचं, झाडंही तिची. तिचं घाल. माहेरचं."

माहेरचं नाव मला ठाऊक नव्हतं. लग्नात आमच्याकडे बाईचं नाव बदलतं. बाबांनी आईंना नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नव्हती, 'अगं'वरच सगळं चाले. ते खुर्चीत सरळ बसले आणि त्यांनी आईंचं, आईंच्या वडिलांचं आणि आडनाव, असं पूर्ण नाव घेतलं. मी ते एकेक अक्षर टाइप केलं. प्रमुख बाईंनी जिभेवर घोळवून दोनदा म्हणून पाहिलं, दुसऱ्यांदा जवळजवळ बरोबर. दोन्ही नावं घालू, असं त्यांनी सुचवलं, आणि आईंचं वर असेल तर चालेल म्हणून बाबा कबूल झाले.

संध्याकाळी मी ते नाव नवऱ्याला सांगितलं. त्याला आपल्या आईचं माहेरचं नाव माहीत नव्हतं. तो जेवता जेवता थांबला आणि बाबांना एकेक विचारू लागला. बाबा उत्तरं देत होते. भात गार झाला.

बाबा ऑक्टोबरात परत गेले. पुढच्या वर्षी युरोपातल्या त्या बाईची मेल आली की तिच्या देशाचा सहभाग नक्की झाला आहे. तिथल्या बैठकीत तिला आपल्या देशातर्फे एकच नोंद दाखवायची होती आणि तिनं उक्षीची निवडली होती, तळ्याच्या मधोमध ठिपका असलेली. लोकांनी चुकीबद्दल विचारलं आणि तुम्ही कळवलेली सगळी गोष्ट मला सांगायला मिळाली, असं तिनं लिहिलं होतं. मी मेल मराठीत उतरवून, उक्षीच्या फोटोसकट साताऱ्याला पाठवली.

बाबा तो फोटो घेऊन मामांकडे गेले आणि तिथे चार दिवस राहिले. त्यानंतर त्यांची पत्रं येऊ लागली. फणसवाडीच्या रानात काय काय होतं, कोणत्या झाडाला तिथे काय म्हणत, ते आखीव वहीच्या पानांवर, खात्याच्या अहवालासारखं अनुक्रमांक घालून लिहिलेलं. प्रमुख बाईंनी त्यांची वेगळी फाइल केली. पुढे मला कामाची परवानगी मिळाली, त्याच संग्रहात नोकरीही लागली आणि मी ती नावं रीतसर भरू लागले.

शेवटचं पत्र दोन हजार आठच्या उन्हाळ्यातलं आहे. त्यात लिहिलंय, "खालील तीन नावे मामांच्या मंडळींकडून मिळाली. तिसऱ्याची खात्री नाही. पुन्हा विचारून कळवतो."