खालील बायोडेटा कृपया डिलीट करावा

मुरुडहून एका अनोळखी काकांचा फोन आला. माझी उंची, रास आणि शिक्षण त्यांना तोंडपाठ होतं. प्रश्न एकच होता, स्वयंपाक येतो का.

हिमायतनगरच्या मामांनी माझा बायोडेटा समाजाच्या वधू-वर ग्रुपवर टाकला होता. आईने तो त्यांना सहज म्हणून पाठवलेला. त्यात माझा फोटो, माझाच मोबाइल नंबर आणि लातूरच्या घराचा पत्ता. अनोळखी नंबर दिसला की मी फोन उलटा ठेवू लागले. मग त्या काकांच्या मुलाचा मेसेज आला : 'तुमच्या गल्लीतून जाऊन आलो. गेटचा रंग छान आहे.'

हे मी घरात कुणालाच सांगितलं नाही.

मी लॉ कॉलेजात शिकते. माहितीच्या संरक्षणाच्या नव्या कायद्यावर इंग्रजीत असाइनमेंट लिहून चांगले मार्क मिळवले होते. संमती, आपली माहिती पुसून घ्यायचा हक्क, सगळं त्यात होतं. आता तोच कायदा पुन्हा वाचला तेव्हा कळलं, माहितीचा वापर वैयक्तिक किंवा घरगुती कामासाठी असेल तर तो लागूच होत नाही. म्हणजे मोठमोठ्या कंपन्यांपासून मी सुरक्षित होते. मामांपासून नव्हते. भाचीच्या लग्नाहून घरगुती काम ते कुठलं?

शेवटी मामांना मीच फोन केला. त्या मुलाच्या मेसेजचं काही बोलले नाही. फोटो आणि नंबर सगळीकडून काढायला सांगा, एवढंच म्हटलं. मामा रागावले नाहीत.

"कायदा शिकून राहिलीस ना, मग तुझं ऐकावंच लागते. आत्ता सांगतो समद्यांना."

त्यांनी शब्द पाळला. 'सर्व समाजबांधवांना नम्र विनंती, आमच्या भाचीचा खालील बायोडेटा कृपया डिलीट करावा.' कुणाचा गोंधळ होऊ नये म्हणून खाली बायोडेटा जोडला होता. आधी ज्या ग्रुपांवर तो गेला नव्हता, तिथेही विनंती गेली. लोकांनी जोडलेल्या हातांचे, अंगठ्याचे इमोजी टाकले. काहींनी लग्न जमल्याबद्दल अभिनंदन केलं. काहींनी आईला फोन करून हळूच विचारलं, मुलीत काही दोष हाय का.

संध्याकाळी मामांचा फोन. "एक बी ग्रुप सोडला न्हाई बघ."

मी थँक्यू मामा म्हणाले.

सिम बदललं. पत्ता बदलता येत नाही. अंगणात कपडे वाळत घालायला आता बाबा जातात. त्यांनी कारण विचारलेलं नाही.