सिबारिसचं काळं नाणं

एका नाण्यापायी माणूस बायकोशी बोलायचा थांबतो, असं कुणी सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, काहीतरीच! पण आमच्या कार्डिफमध्ये, माझ्या समोरच्याच घरात हे घडलं.

शशिधर भावोजी हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर, आता रिटायर झालेले. वीणा त्यांची बायको, माझी मैत्रीण. भावोजींचा जीव एका दुर्मीळ ग्रीक नाण्यात. चांदीचं, अडीच हजार वर्षांचं, सिबारिस नावाच्या शहराचं. एका बाजूला मागे वळून बघणारा बैल उठावात, दुसऱ्या बाजूला तोच बैल खोलगट. पाहुणा आला की चहाच्या आधी शहराची गोष्ट. दक्षिण इटलीत ग्रीकांनी वसवलेलं, पैशानं आणि चैनीनं माजलेलं गाव. शेजारच्या क्रोटनवाल्यांनी ते लढाईत हरवलं, लुटलं आणि वरून म्हणे नदीच वळवली. शहर गाळाखाली गेलं, कित्येक शतकं जागासुद्धा सापडेना. मग नाणं दाखवायचे, कडेनं धरून. काळंकुट्ट.

"हा काळेपणा म्हणजेच त्याचा खरेपणा, नीना. हात लावायचा नाही."

आणि वीणानं त्याला चिंच लावली.

गेल्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाला. घरातली सगळी चांदी घासतो ना आपण, तसं तिनं तेही घासलं. काळं नाणं लक्ष्मीपुढे कसं मांडायचं? चिंच, मीठ, जुना टूथब्रश. लख्ख! नवरा खूश होईल म्हणून देवापुढे अगदी मधोमध ठेवलं.

ओरडले असते तर बरं झालं असतं. भावोजी नुसते घुमे झाले. "चहा?" "हो." "जेवताय?" "नंतर." एवढाच संसार उरला.

जानेवारीत वीणाला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. तेव्हा तरी माणसानं बोलावं की नाही? औषधं समजावून सांगितली, तीही वॉर्डात सांगतात तशी. माझं डोकंच फिरलं. "अहो भावोजी, नाकापेक्षा मोती जड झाला का तुम्हाला?"

"मला काही वाटतच नाहीये, नीना," ते म्हणाले. "रागसुद्धा नाही."

त्या सपाट आवाजाची मला भीतीच वाटली.

मग वीणाचा बेड खाली हॉलमध्ये आला. मी रोज जाऊन बसायची. तिचं आपलं एकच: "ते परत काळं झालं का गं? झालं की बोलतील माझ्याशी." मी काय सांगणार, कपाळ? त्याला शतकं लागतात. भावोजींच्या कानावर मी ते जसंच्या तसं घातलं. त्यांनी ऐकलं आणि ओटा पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी गेले, तर स्वयंपाकघरात वास. वीणाच्या घरात आजवर अंडं शिरलं नव्हतं. भावोजींनी अंडी उकडून, कुस्करून, गरम असतानाच नाण्यासोबत डब्यात झाकून ठेवली होती. अंड्यातल्या गंधकानं चांदी काळी पडते. नकली जुनेपणा आणणारे लबाड लोक हेच करतात, असं स्वतःच तर नाक मुरडून सांगायचे! त्यांनी डबा उघडला, काळवंडलेलं नाणं धुतलं, पुसलं आणि वीणाच्या तळहातावर ठेवलं.

तिनं नाणं उलटसुलट करून पाहिलं. मग तिनं ते नाकाशी नेलं.

"अहो, अंडी उकडलीत? माझ्या घरात?"

"हो."

तिनं मूठ मिटली. "मग आता बोला."

भावोजी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. त्या खुळ्या माणसानं जन्मभर पेशंटना विचारलं तेच विचारलं.

"दुखतंय का?"

"नाही हो," वीणा म्हणाली.

मॉर्फिनसुद्धा पुरत नव्हतं तिला त्या आठवड्यात.