डेर्कचे दोन किलोमीटर

डेर्क वोल्टरिंकला आमच्या गावात हट्टी म्हणत नाहीत. त्यापेक्षा कडक शब्द वापरतात, पण तो इथे लिहिण्यासारखा नाही. चौतीस वर्षं त्याने बोरूची छपरं शाकारली. आयसेल नदीकाठच्या निम्म्या घरांवर त्याच्या हातचा बोरू आहे आणि एवढ्या वर्षांत डेर्क छपरावरून एकदाही खाली पडला नाही. मग डोळे गेले. एका दिवसात नाही गेले. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग नळीतून बघावं तेवढंच उरलं आणि पुढे ती नळीही बुजली. बावन्नाव्या वर्षी तो छपरावरून उतरला. सायकल मात्र सोडायला तयार होईना. शेवटी एका सकाळी तो पाववाल्याच्या उभ्या गाडीवर जाऊन धडकला, पावांचे दोन ट्रे रस्त्यावर सांडले आणि बायकोने, दिनीने, त्याची हिरवी रेसची सायकल शेडमध्ये छताला टांगून टाकली.

त्याला चौदा वर्षं झाली. या चौदा वर्षांत डेर्कने दर वसंतात ती सायकल खाली उतरवली, चाचपून पुसली, साखळीला तेल दिलं, चाकांत हवा भरली आणि पुन्हा वर टांगली. दिनी खिडकीतून बघायची.

तो घरात बसून राहिला असंही नाही. आमचा मंगळवारचा सायकल गट आहे, सगळी साठीपुढची मंडळी. त्यातली येनेके त्याला जोडसायकलवर मागच्या सीटवर बसवून नेते. येनेके शाळेत मुख्याध्यापिका होती आणि अजून तिला कोणी निवृत्त झाल्याचं सांगितलेलं नसावं. अकरा वर्षं डेर्कने तिच्या पाठीमागे बसून पायडल मारलं. नदीच्या खोऱ्यातला तो सगळा सपाट मुलूख, कुरणं, पाणथळी, बांध, त्याने वासाने आणि वाऱ्याने पाठ केला. पण हँडल दुसऱ्याच्या हातात. "मी म्हणजे बटाट्याचं पोतं," तो म्हणायचा, "फक्त पाय हलवणारं."

यंदा मार्चमध्ये कॉफी पिता पिता तो म्हणाला, "मला एकदा एकट्याने चालवायचीय."

गटातला हार्म मोठ्याने हसला. हार्म सगळ्यालाच हसतो. येनेके म्हणाली, "डोकं फिरलंय का तुझं?"

"पंपघरापासून त्या फाटकापर्यंतचा रस्ता. दोन किलोमीटर, सुतासारखा सरळ. तिथे मोटार येत नाही, ट्रॅक्टर येत नाही. मी कोणाला मारणार? टिटव्यांना?"

खरं होतं ते. तो रस्ता राखीव कुरणातून जातो. सिमेंटच्या लाद्या एकीला एक लावून केलेला, फक्त सायकलींचा आणि पायी चालणाऱ्यांचा. मंगळवारी सकाळी तर तिथे चिटपाखरू नसतं. म्हणजे पाखरंच असतात, माणूस नसतं.

घरी त्याने हेच दिनीला आठ दिवस रोज ऐकवलं. नवव्या दिवशी भांडी पुसताना ती म्हणाली, "ठीक आहे. नाही पडलास, तर दर मंगळवारी चालव, मी हूं की चूं करणार नाही. पण एकदा जरी पडलास, तर सायकल त्याच दिवशी जुन्या सामानाच्या दुकानात. आणि नंतर हा विषय घरात काढायचा नाही. कबूल?"

"कबूल."

"हात दे."

त्याने हात दिला. आमच्याकडे हातावर हात पडला की संपलं, मग कागद लागत नाही.

डेर्कला त्यानंतर झोप लागेना. येनेकेने तयारीचा चंगच बांधला. तिने आपल्या मागच्या चाकापाशी कपड्याच्या चिमट्याने एक खेळायचा पत्ता अडकवला, चौकटचा गुलाम. चाक फिरलं की तो आऱ्यांवर तडतडायचा. ती पुढे राहणार, डेर्कने त्या आवाजामागे यायचं. "तडतड थांबली की ब्रेक. तत्क्षणी. समजलं?" तिने विचारलं.

"समजलं, बाई."

"पुन्हा सांग."

"तडतड थांबली की ब्रेक," डेर्क म्हणाला. चार दिवस ती त्याच्याकडून हे वदवून घेत होती.

मे महिन्यातला दुसरा मंगळवार उजाडला. पंपघरापाशी गट जमला. दिनी आधीच टोकाला फाटकाजवळच्या बाकावर जाऊन बसली होती, सफरचंदाचा केक आणि थर्मास घेऊन. हिरवी सायकल तिच्या चाकांवर चौदा वर्षांनी रस्त्यावर उभी होती. डेर्कने हँडलवरून हात फिरवला. काटेरी झुडपं फुलून आली होती आणि त्यांचा गोडसर, किंचित कुजका वास सगळीकडे भरला होता. वारा डाव्या गालावर लागत होता.

"वारा डाव्या गालावरच राहू दे," हार्म म्हणाला. "नाकावर आला तर तू नदीत चाललायस असं समज."

"तू मागून ये आणि तोंड बंद ठेव."

"मागून येतो. तोंडाचं वचन देत नाही."

येनेके निघाली. पत्ता तडतडू लागला. डेर्कने टांग टाकली, एक पाय मारला, दुसरा मारला. सायकल आधी डावीकडे झुकली, मग उजवीकडे, चाक लादीवरून गवतात गेलं आणि परत लादीवर आलं. पण पायांना आठवत होतं. शंभर मीटरांत सायकल सरळ झाली.

प्रत्येक लादीच्या सांध्यावर चाक टक करायचं. टक, टक, टक. डेर्कला कळून चुकलं की रस्ता त्याच्याशी बोलतोय: मधून गेलं की आवाज भरीव, कडेला गेलं की पोकळ. हे येनेकेच्या मागच्या सीटवर त्याला कधी ऐकू आलं नव्हतं, कारण येनेके सतत बोलते! उजवीकडून गाईंचा उबदार वास आला आणि मागे गेला. टिटव्या डोक्यावर कलकलत होत्या. तो वेग वाढवू लागला.

"हळू!" पुढून येनेके ओरडली.

"तू जोरात चालव!"

अर्धा रस्ता झाला असेल नसेल, रानबदकांचं एक कुटुंब पिल्लांची रांग घेऊन लादीवर चढलं. येनेकेने हँडल झटकन वळवलं, चिमटा सुटला आणि चौकटचा गुलाम उडून कुरणात गेला. बदकं ओरडत बाजूला झाली. तडतड थांबली.

डेर्कची बोटं ब्रेकवर गेली. सांगून ठेवलं होतं, चार दिवस वदवून घेतलं होतं. वारा डाव्या गालावर होता. खाली टक, टक, भरीव. त्याने बोटं उचलली आणि दोन्ही पायांनी पायडल दाबलं.

येनेकेला तो उजवीकडून ओलांडू लागला. तिच्या सायकलची साखळी त्याला कानापाशी ऐकू आली.

"डेर्क! अरे, थांब! पत्ता पडलाय!"

"पडू दे!"

"मी सांगतेय थांब!"

"बाजूला हो, बाई, नाहीतर घंटी वाजवीन!"

आणि त्याने खरंच घंटी वाजवली. सहासष्ट वर्षांचा माणूस, एकटाच चार पोरांएवढा ओरडत सुटला होता. येनेके त्याच्यामागे, हार्म येनेकेमागे, बाकीचे सहाजण त्यांच्यामागे, सगळ्यांची दमछाक. त्या सहांपैकी कोणीही त्याला गाठू शकलं नाही, आणि ते आजही म्हणतात की वारा उलटा होता. वारा बाजूचा होता. मी तिथे होतो.

फाटक जवळ आलं. फाटकाच्या अलीकडे, रस्त्याच्या अगदी मधोमध, मोटारी अडवायला एक लाल-पांढरा खांब आहे. आमच्या गटाची एक सवय आहे: खांब दिसला की पुढचा ओरडतो, मागचे तो शब्द आणखी मागे पोहोचवतात. डेर्क स्वतः अकरा वर्षं मागच्या सीटवरून तो ओरडत आला होता. येनेकेने उरलासुरला श्वास एकवटून आरोळी ठोकली, "खांब!"

डेर्कला तो खांब माहीत होता, डोळे असताना शेकडो वेळा चुकवलेला. त्याने हँडल उजवीकडे घेतलं. खांब डाव्या गुडघ्याजवळून निसटला. पण उजवीकडे यंदाच्या पुराने मागे ठेवलेलं डबकं होतं आणि ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं. पुढचं चाक चिखलात रुतलं आणि डेर्क हँडलवरून सरळ पुढे, तोंडावर, डबक्यात.

सगळे येऊन थांबले. डेर्क उठून बसला. हात-पाय शाबूत होते, कोपर खरचटलं होतं, दाढीत चिखल. त्याच्या मनात हाडांचा विचारही आला नाही. सायकल गेली, एवढंच आलं. बाक तिथून पाच पावलांवर होता. दिनी तिथे होती.

"हाडं मोज रे," हार्म हळूच म्हणाला.

डेर्कने मोजली नाहीत. बाकाच्या दिशेने तोंड करून म्हणाला, "दिनी, आजच घेऊन जा तिला दुकानात. मी हात दिला होता."

"कोणाला?"

"सायकलला. मी पडलो ना."

"पडलास?" दिनी म्हणाली. "कधी? मला तर कोणी पडलेलं दिसलं नाही. मी केक कापत होते."

येनेके आयुष्यात खोटं बोललेली नाही. ती पुढे सरसावली. "अगं, असं कसं, आम्ही सगळ्यांनी—"

"येनेके," दिनी म्हणाली, "केक हवाय ना तुला?"

येनेकेने तोंड मिटलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

दिनीने केकची सुरी खाली ठेवली, बुटांसकट डबक्यात उतरून डेर्कजवळ आली, वाकली आणि आपल्या रुमालाने त्याच्या तोंडावरचा चिखल पुसू लागली. जरा जोरातच पुसत होती.

"दिनी, खरं सांग. तू बघितलंस."

"पडताना नाही बघितलं," ती म्हणाली. "येताना बघितलं. पार त्या टोकापासून. तू तोंड उघडं टाकून हसत येत होतास, डेर्क."