कटर घासत होतं तेव्हा

काल वर्कशॉपमध्ये कटर थंड ठेवणारं कूलंट जळाल्याचा वास आला आणि मी मनानं थेट खामगावच्या जुन्या शेडमध्ये जाऊन पोचलो.

सोनाळ्यातल्या आमच्या घरातला मी पहिला इंजिनिअर. त्या शेडमध्ये माझ्या नोकरीचा पहिलाच आठवडा होता. पोलादी ठोकळ्यात खोल खळगा कोरायचा होता आणि कटर एकच उरलं होतं. ते तुटलं तर नोकरी गेली, असं मी धरूनच चाललो होतो. म्हणून गणित करून काढलेला फीड, म्हणजे कटर पुढे सरकण्याचा वेग, मी भीतीपोटी निम्म्यावर आणला. कटर किंचाळायला लागलं, धूर निघाला.

शेजारच्या मशीनवरचे रफिकचाचा धावत आले. "काऊन भेऊन राह्यले, इंजिनिअरसाहेब? ते कापून नाही राह्यलं, नुसतं घासून राह्यलं. अशानंच मरते ते. फिरायचा स्पीड उतरवा, फीड वाढवा. जाड चिप निघाली का गरमी तिच्यासंगं जाते."

मी तसं केलं. किंचाळणं थांबलं. पोलादाच्या चंदेरी चिपा गरगर वळत बाहेर पडू लागल्या.

तेवढ्यात मालक आले. "कायचा वास आहे बे हा?"

"माह्या मशीनचा आहे, मालक," चाचा म्हणाले आणि बोलणी खाऊन घेतली.

माझ्या पदवीचा मला आजही अभिमान आहे. पण ती कामाला आली, ती चौथी शिकलेल्या चाचांच्या त्या एका खोट्यामुळे.