खोक्यातला देवमासा

विज्ञानाच्या बाईंना मागता येत नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं. प्रयत्नांत कसूर नव्हती हो. वर्गाला प्रोजेक्टर आणि पडदा हवा, एवढं एकच वेड त्यांनी डोक्यात घेतलं होतं आणि त्यापायी सगळं गणगोत भंडावून सोडलं होतं. नणंदेने मुलीच्या लग्नाचं बोलावणं करतानाच बजावलं, की वहिनी, या, पोटभर जेवा, पण व्याह्यांसमोर त्या पडद्याचं नाव काढू नका. बाईंनी शब्द पाळला. पडद्याचं नाव काढलं नाही, नुसत्या प्रोजेक्टरबद्दल बोलत राहिल्या.

पण मागायचं म्हणजे आपलं उणं दाखवायचं, आणि घोडं अडायचं ते तिथेच. आपल्या वर्गाला कोणी कमी लेखलेलं बाईंना खपत नसे. कोणी पाहायला येणार म्हटलं, की आदल्या दिवशी पोरांना कामाला जुंपून फरशी घासून घ्यायच्या, खिडक्या पुसायच्या, तक्ते सरळ करायच्या. पाहुणे यायचे, वाहवा करायचे आणि जाताना म्हणायचे, तुमचं छान चाललंय की, आम्ही जरा गरजू शाळा बघतो. एक बँक कचऱ्याचे डबे देऊन गेली. माजी विद्यार्थ्यांनी भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि त्यावर स्वतःची नावं इतकी छापली, की काटे शोधावे लागायचे. आता या लोकांना काय म्हणावं? कचऱ्याच्या डब्यात डोकावून पोरांना ज्वालामुखी दिसणार होता का?

म्हणून बाईंनी स्वतःच टीव्ही बनवला होता. फ्रिजचं उभं खोकं आणलं आणि त्याला समोरून खिडकी कापली. बाई बटण फिरवल्यासारखं करायच्या, की आत शिरलेलं पोर धडा करून दाखवायचं. ज्वालामुखी लाल कापड उडवायचा, हृदय धडधडायचं, मध्येच कोणीतरी डोकं काढून पेन्सिलींची जाहिरात करून जायचं. घरोघरी मोबाईल होते, पण ते मोठ्यांच्या खिशात, आणि त्यावर देवमासा शोधून दाखवायला कुणाला सवड होती? पोरांचं सगळं जग त्या खोक्यात होतं आणि बाईंना त्याचा कोण अभिमान.

खोकं मात्र अरुंद होतं. त्यात मोकळेपणाने हलता येईल अशी वर्गात एकच मुलगी होती, तिला सगळे काडी म्हणायचे. अंगावर तोळाभर मांस नाही, बारा महिने सर्दी-खोकला, दोन वेण्या आणि बाकाच्या टोकाला अंग चोरून बसायची सवय. त्यामुळे जगात जे जे अवाढव्य ते सगळं काडीच्या वाट्याला यायचं. हत्ती ती, पृथ्वी तीच आणि देवमासाही तीच.

अशात गाद्यांच्या कारखान्याची मालकीण शाळांना मदत करते असं कानावर आलं. बाईंनी तिच्या दारी इतक्या चकरा मारल्या, की वॉचमन त्यांना चहा विचारू लागला. शेवटी एकदाचं मालकिणीने यायचं कबूल केलं. हेडसरांनी तेव्हाच सांगून टाकलं, की हे जमलं नाही तर पडद्याचा विषय कायमचा बंद. बाईंचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे, कमी बोलायचे, पण त्या दिवशी डोळ्यावरचं भिंग काढून म्हणाले, "अगं, एकदा तरी नीट माग. फरशी घासू नकोस."

बाईंनी फरशी घासली नाही. खोकं कपाटामागे दडवलं आणि पोरांना बजावलं, जरा बिचारे दिसा. पोरांना एवढं पुरे होतं. एक लंगडत आला. एकाने धाकट्या भावाचा सदरा चढवला, त्यातून बेंबी बाहेर. मागच्या बाकावरचा तर आडवा पडून कण्हायलाच लागला. मालकीणबाईंनी हे ध्यान पाहिलं आणि हेडसरांना हळूच विचारलं, मुलांना काही साथीचा आजार आहे का.

झालं! माझ्या मुलांना आजारी म्हणता? बाईंचं डोकंच फिरलं. त्यांनी कपाटामागून खोकं ओढलं, बटण फिरवलं आणि काडीचा देवमासा अख्खा समुद्र घुसळून गेला. पोरं शिट्ट्या मारायला लागली, कण्हणारा तर बाकावर उभाच राहिला. मालकीणबाई टाळ्या वाजवत उठल्या आणि म्हणाल्या, एवढं असताना प्रोजेक्टर हवाय कशाला? त्यांनी पर्स उचलली. बाईंनी मनातल्या मनात स्वतःला चार शिव्या घातल्या.

दाराशी पोचल्यावर मालकीणबाईंनी जाता जाता, कौतुकानेच, बेंबीवाल्याला विचारलं, "काय रे, देवमासा कसा असतो?"

तो ताठ उभा राहिला. "बारीक असतो. त्याला सारखा खोकला येतो."

"आणि दोन वेण्या असतात," पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली. सगळ्या वर्गाने गंभीरपणे माना डोलावल्या.

मालकीणबाई खो खो हसल्या. मग बाईंचा चेहरा पाहून त्यांनी हसू आवरलं. इतकी वर्षं ज्या खोक्याचा तोरा मिरवला, त्याने पोरांना हे शिकवलं होतं. बाईंना अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीतरी झाकायला त्यांनी तोंड उघडलं खरं, पण आज एकही बढाई सुचेना.

"त्यांनी खरा पाहिलाच नाही हो," त्या म्हणाल्या. "मला दाखवता आला नाही."

मालकीणबाईंनी पर्स परत बाकावर ठेवली आणि काय काय लागेल ते विचारायला सुरुवात केली.

प्रोजेक्टर आला. खिडक्यांना जुन्या चादरी लावून अंधार केला आणि बाईंनी पहिल्यांदा देवमासाच लावला. निळ्या पाण्यातून तो वर आला तो येतच राहिला. पडद्यात मावेना. त्याचा डोळा सरकत गेला, पाठ सरकत गेली, तरी शेपटीचा पत्ता नाही. पेन्सिलींची जाहिरात करणारा पोरगाही आज जाहिरात विसरला.

काडी उभी राहिली.

"बाई," तिने विचारलं, "ही मी होते?"

"हो गं. तूच," बाई म्हणाल्या.

काडी खाली बसली. पण रोजच्यासारखी टोकाला नाही, बाकाच्या मधोमध, चांगली ऐसपैस. शेजारणीला सरकावं लागलं.