लेबल निघालेले दोन ड्रम

भोईरकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी कळंबोलीच्या गोदामात ड्रम उघडत होते. हातात नमुना काढायची काचेची नळी, आणि कानाला त्यांच्या मुलाचा आवाज. "मॅडम, बाबा गेले सकाळी. चहा पीत होते..." त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहायला लाज वाटते, पण ते लिहायलाच बसले आहे. वाटलं, सुटले. ती गोष्ट माहीत असलेलं दुसरं माणूस आता राहिलं नाही. आणि लगेच उमगलं, दुसरं माणूस नसलं तरी मी होतेच. याला आता सव्वा महिना झाला.

काका कोन गावचे. आमच्या छोट्या कंपनीचं गोदाम त्यांनी वीस वर्षं सांभाळलं. मी तिथली केमिस्ट, म्हणजे सही करणारी. बंदरातून प्रॉपिलीन ग्लायकॉलचा टँकर यायचा, तो आम्ही ड्रममध्ये भरून औषधांच्या आणि खाद्यपदार्थांच्या कारखान्यांना पुरवायचो. नाव जड असलं तरी ही वस्तू तुमच्या घरात आहे. खोकल्याच्या औषधात ती असते, आइस्क्रीमच्या इसेन्समध्ये असते, केक मऊ राहावा म्हणून त्यातही घालतात. पाण्यासारखी स्वच्छ, जराशी दाट, किंचित गोड. तिचा एक चुलतभाऊ आहे, डायएथिलीन ग्लायकॉल. तो रंगाच्या आणि ब्रेक ऑइलच्या कारखान्यांत जातो. दिसायला तसाच, चवीलाही गोडच, पण लहान मुलाच्या पोटात गेला तर मूत्रपिंडं बंद पाडतो. आमच्याकडे दोन्ही असायचे, सारख्याच निळ्या ड्रममध्ये. मधे जमिनीवर एक पिवळा पट्टा, आणि त्या पट्ट्याचे राखणदार भोईरकाका. नवीन हमालाने चुकून पट्ट्यावर पाय ठेवला तरी ते ओरडायचे. आम्ही त्यांची चेष्टा करायचो, काका, ही काय लक्ष्मणरेषा आहे का? ते हसायचे नाहीत.

सात वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात रंगाच्या मालाच्या बाजूचं छप्पर गळायला लागलं आणि तिथले काही ड्रम चार दिवसांसाठी पट्ट्याच्या अलीकडे, औषधाच्या मालाजवळ आणावे लागले. ओल अशी, की लेबलांची खळ धरेना. एका सकाळी काकांना लेबल निघालेले दोन ड्रम दिसले आणि जमिनीवर दोन लेबलं, एक औषधाच्या मालाचं, एक रंगाच्या. मालाची नोंद फक्त लेबलावर, ड्रमवर काहीच नाही. आमच्या धंद्यात लेबलाशिवाय ड्रम म्हणजे गुन्हा, आणि दुपारी तपासणीला साहेब यायचे होते. काकांनी जवळचं लेबल जवळच्या ड्रमला लावलं. नेमक्या त्याच संध्याकाळी त्यातला औषधाचं लेबल लागलेला ड्रम औषधाच्या ऑर्डरमध्ये निघाला.

पाठवण्यापूर्वी प्रत्येक ड्रम उघडायचा, थेंबभर काढून यंत्राखाली बघायचा आणि मगच सही करायची, असा नियम होता. दोन मिनिटांचं काम, आणि दोन्हीतला फरक तिथे लख्ख दिसतो. पण टँकर आला तेव्हाच मी सगळा माल तपासला होता. ट्रकवाला हॉर्न देत होता. मी ऑर्डरमधल्या आठही ड्रमच्या कागदावर 'तपासले' लिहून सही ठोकली. त्याआधीही कितीतरी वेळा ठोकली होती.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास काका माझ्या टेबलाशी आले. रात्रभर डोळा लागला नव्हता म्हणाले. लेबलाचं सगळं सांगितलं. मग हळूच विचारलं, "पन तुमी उघडून बघितला असंल ना?"

मी हो म्हटलं.

वर, तरी एकदा औषधाच्या कंपनीला फोन करून थांबवू, असंही म्हटलं. त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. उघडून बघितलेला ड्रम कुणी कशाला थांबवेल? त्यांना कळलं, आणि त्यांना कळल्याचं मला कळलं.

दुसरा ड्रम तोवर तळोज्याच्या रंगाच्या कारखान्यात जाऊन टाकीत रिकामा झाला होता, त्यामुळे पडताळायला काही उरलं नव्हतं. औषधवाल्यांनी आमच्या कागदावर विसंबून आपला ड्रम उघडला होता, खोकल्याच्या औषधात अर्धा ओतलाही होता. नशीब, बाटल्या अजून भरायच्या होत्या. त्यांनी काम थांबवलं आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवला. निकाल यायला दीड दिवस लागला. खांदा कॉलनीत आमच्या खालच्या मजल्यावरचं बाळ त्या दिवसांत खोकत होतं. त्या ड्रमशी त्याचा काही संबंध नव्हता, हे कळत असूनही मी खिडक्या लावून घेतल्या. मी इतकी घाबरले नव्हते कधी, आईच्या ऑपरेशनच्या वेळीही नाही.

ड्रम बरोबर निघाला. मालकांनी पेढे आणले, आणि मग काकांना गोदामातून काढून फाटकावर बसवलं, कारण लेबलाची चूक काकांनी आपणहून सांगितली होती. माझ्या सहीबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. मीही काढला नाही. मी काकांच्या हातात पेढा ठेवला तर तो त्यांनी टेबलावर परत ठेवला. मला एवढंच म्हणाले, "डरम बरोबर निंगाला म्हनून आपुन बरोबर नाय झालो, बाय."

तेव्हापासून मी प्रत्येक ड्रम उघडते. ट्रकवाले शिव्या घालतात, मालक कुरकुरतात. दुधाने तोंड पोळलेली ताकही फुंकून पिणार, असं ऑफिसात माझ्यामागे बोलतात, ते खरंच आहे.

परवा कोनला गेले, काकींना भेटायला. सगळं कबूल करायचं ठरवूनच गेले होते. काकींची सात वर्षांची नात खोकून खोकून लाल झाली होती. काकी आतून औषधाची बाटली घेऊन आल्या आणि माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "तूच बघ बाय. ते असते तर त्यांनीच कंपनीचा नाव वाचला असता. ते घरात सांगून ठेवायचे, आपली मॅडम आता येकेक डरम उघडते, फाटकावरनं मना दिसते, तिच्या हाताखालनं गेलेला असंल तर पोरांना द्यावा."

बाटलीवर कंपनीचं नाव वाचलं. आमच्याकडूनच माल घेणारी. तो माल मी तपासला होता, हे मला पक्कं आठवत होतं. एकेक ड्रम आठवत होता. तरी 'द्या' म्हणायला जीभ रेटत नव्हती. मी काकींना सांगितलं, ज्या ड्रमपायी काका फाटकावर गेले, तो त्या दिवशी मी उघडला नव्हता. काकींनी माझ्या हातातून बाटली घेऊन चमच्यात औषध ओतलं. मग चमचा पुढे केला आणि विचारलं, "आन् यो? यो उघडलास ना?"

मी हो म्हटलं. पोरीने तोंड वाकडं करून औषध घेतलं आणि झोपली. मी दिवेलागणीपर्यंत तिच्या उशाशी बसून होते. ती उठली, लघवीला जाऊन आली, तेव्हा मी माझी पर्स उचलली.