आठ चौकटींचा कागद

स्टील प्लांटमध्ये माझं काम पंपहाउसचे मीटर वाचून लॉगबुकात नोंदवण्याचं. बावीस वर्षांत स्वतः न वाचलेल्या आकड्याखाली मी सही केलेली नाही. घरी मात्र केली, आणि तीही मुलीच्या कागदावर.

मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. जन्मापासून तिचा उजवा हात आखडलेला, पायांवर तोल राहत नाही, बोलणं फक्त आम्हाला कळतं. सरकारी शाळेत नाव होतं, पण वर्ग वरच्या मजल्यावर. म्हणून तिला घरीच शिकवायचं ठरलं. शिक्षण कार्यालयाकडून एक विशेष शिक्षिका आठवड्यातून दोनदा आमच्या रुआबांधा वस्तीतल्या घरी येणार होती. महिन्याच्या आठ भेटी, कागदावर आठ चौकटी, प्रत्येक चौकटीत पालकाची सही.

पहिल्या महिन्यात ती तीनदा आली. शिकवायची चांगली. तिसऱ्या भेटीत तिने चमच्याच्या दांड्याला जुनं कापड गुंडाळलं, मुलीचं मनगट कुठेतरी हलकं दाबलं, तशी बोटं उघडली. त्या दिवशी मुलीने दोन घास स्वतःच्या हाताने खाल्ले. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

नंतर चहा घेताना शिक्षिकेने कागद पुढे केला. "भैया, पूरे महीने का साथ में कर दीजिए न. जुनवानी से उतई तक मेरे ही बच्चे हैं, हर बार कागज निकालने में टाइम जाता है."

घरी आलेल्या बाईला, हातात चहाचा कप असताना, नाही म्हणवलं नाही. उरलेल्या पाच वेळा येईलच, असंही वाटलं. मी आठही चौकटी भरल्या. दुसऱ्या महिन्यात ती एकदाच आली, तेव्हाही भरल्या. तिसऱ्या महिन्यात ती आलीच नाही. फोन केला तर म्हणाली, सर्वेच्या ड्युटीवर लावलंय.

ती आली त्या तारखांना मी कॅलेंडरवर गोल करत असे. ते कॅलेंडर घेऊन दुर्गच्या शिक्षण कार्यालयात गेलो. बाबूने फाइल काढून माझ्याकडे फिरवली.

"साइन आपके ही हैं न?"

"हैं. पर मैडम चार ही बार आईं."

"तो सोलह बार साइन क्यों किया? अब हम कैलेंडर मानें कि कागज?"

शेजारच्या टेबलावरचा माणूस मान वर न करता म्हणाला, "प्लांट वाले हैं, ओवरटाइम में कर दिए होंगे."

बाबूने तिसऱ्या महिन्याचा कोरा कागद दिला. सह्या करून आणा, फाइल चालू राहील, म्हणाला.

बायकोचं म्हणणं सरळ होतं. "करून टाका ना. पोरीचं नाव तर राहीन."

"बाई आलीच नाही, तर सही कशी करू?"

"पहिले करून राहिले होते, तवा कावून नाही आठवलं?"

 बायको रोज मुलीच्या हातात चमचा द्यायची आणि तो खाली पडायचा. मनगट नेमकं कुठे दाबायचं, ते आम्ही दोघांनीही नीट पाहिलं नव्हतं. पुढच्या वेळी विचारू, असं धरून चाललो होतो.

चौथ्या दिवशी मी अर्ज लिहिला. सोळा सह्यांपैकी बारा खोट्या, चूक माझी. पण मुलीला धडे चारच मिळाले, बाकीचे द्यावेत. तिसऱ्या महिन्याच्या आठही चौकटींवर रेघ मारली, दोन्ही कागद कार्यालयात दिले आणि पोच घेतली.

दीड महिन्याने उत्तर आलं. सह्यांच्या त्या कागदावर रकाना एकच होता, बालक उपस्थिती. शिक्षिकेच्या गैरहजेरीला जागाच नव्हती. म्हणून बारा आणि आठ, अशा वीस गैरहजेऱ्या माझ्या मुलीच्या नावावर लागल्या होत्या. उपस्थिती अपुरी असल्याने नाव गृहशिक्षणाच्या यादीतून कमी केलं आहे, असं खाली लिहिलं होतं.

बायकोला वाचून दाखवलं. तिने दोनदा ऐकलं.

"म्हणजे आपली पोरगीच घरी नव्हती, असं म्हणून राहिले?"

"हो."

"कुठं गेली होती म्हणा, विचारून या."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी गेलो. बाबू म्हणाला, नवीन नोंदणी नव्या सत्रात. सत्राला सात महिने होते. वापरला नाही तर हात आणखी आखडत जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते मी बाबूला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, आणि त्यासाठी वेगळा अर्ज द्या म्हणाला.